रिकामा कप्पा

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची. तीन मजले, दोन बॅगा आणि एक उशी. उशी मला माझीच लागते. जिन्यात धाप लागली, पण दार उघडलं आणि सगळा शीण गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीत भरपूर ऊन, आणि घरात दुसरं कोणी नाही! आयुष्यात पहिल्यांदा अख्खं घर माझ्या वाट्याला आलंय, चार आठवड्यांपुरतं का होईना. आधी वडिलांचं घर, मग नवऱ्याचं, मग लेक-जावयाचं. माणसं कुठलीच वाईट नव्हती, पण पंखा जोरात लावला तरी 'कशाला?' विचारणारं कोणीतरी असायचंच. आज पंखा पाचवर लावून बसलेय.

काम एकच. पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी सांभाळायची. मालक जहाजावर इंजिनियर, तीस तारखेला परत येणार. टाकी फार मोठी नाही, शिलाई मशीनच्या टेबलावर मावेल एवढी. आत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ, दोन नारंगी मासे, एक काचेसारखी पारदर्शक कोळंबी आणि पाच गोगलगाई. वर निळसर दिवा. मी बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. लोकांच्या पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या झाडण्यात हयात गेली. एक काचेची पेटी सांभाळायची म्हणजे मला सुट्टीच.

किल्ली खालच्या लाँड्रीवाल्याकडे होती. एक त्याच्याकडेच असते, एक मला दिली. बोलका आहे. म्हणाला, माझ्याआधी टाकी राखायला होता त्या माणसाचे दोन शर्ट अजून इस्त्री होऊन पडलेत, न्यायलाच आला नाही. कधी खाली उतरलेला दिसलाही नाही म्हणे. पुरुषांचं असंच, कपडे आपोआप वर येतात असं त्यांना वाटतं.

ठकूचा फोन आला. माझी लेक, तिला आठवा महिना लागलाय. अजून रुसलेलीच आहे. या दिवसांत आई दुसऱ्याचे मासे राखायला जाते म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं की एकतीस तारखेला सकाळी तुझ्या दारात उभी असेन, आणि मग महिनाभर मला हाकललंस तरी जाणार नाही. तेव्हा कुठे हसली.

मंगळवार, ४ तारीख

मालकाने दोन पानं सूचना लिहून ठेवल्यात. अक्षर इतकं सुबक की आमच्या हेडमास्तरांनी फळ्यावर लावली असती. घरात साबण वापरायचा नाही, हातावरून पाण्यात गेला तर प्रवाळ मरतात. रबरी हातमोजेही नकोत, त्यांची भुकटी सोसत नाही. पाणी उडून कमी झालं की रोज खुणेपर्यंत साधं गाळलेलं पाणी घालायचं. पाणी उडतं, मीठ आतच राहतं, म्हणून वरून खारं पाणी घालायचं नाही. हे मला कोणी शिकवायला नको.

टाकीच्या उजव्या अंगाला काचेचा एक अरुंद कप्पा आहे, रिकामा. त्याबद्दल लिहिलंय की शेवाळ कायमचं घालवता येत नाही. त्याला बाजूला वाढायला जागा द्यायची, म्हणजे पाण्यातलं खत ते तिथेच खातं आणि मुख्य टाकी स्वच्छ राहते. खाली एक ओळ: कप्पा सध्या रिकामा आहे, सोय होईल.

तोवर शेवाळ दिसलं की हाताने काढायचं. बरं.

शुक्रवार, ७ तारीख

दिसलं. आधी काचेवर तपकिरी धूळ बसली. ती पुसली तर दोन दिवसांत दगडांवर हिरवे केस. खरंच केस, बोटभर लांब, पाण्याबरोबर झुलणारे. माझ्या डोक्यावर एवढे असते तर मी अंबाडा घातला असता. जुना टूथब्रश घेतला, बारीक नळी लावली, घासायचं आणि लगेच ओढून घ्यायचं, म्हणजे तुटलेले तुकडे परत रुजत नाहीत. दीड तास गेला. झालं तेव्हा टाकी अशी लखलखत होती की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

मंगळवार, ११ तारीख

शाबासकी परत घेते. केस परत आले, होते त्याच्या दुप्पट. माशांचं खाणं निम्मं केलं, दिव्याचे तास कमी केले, पाणी बदललं, तपासलं. सगळे आकडे जिथल्या तिथे. तरी वाढतंय. या बोटभर गवताने नाकी नऊ आणलेत. गोगलगाईंनी तर संप पुकारलाय, पाचही जणी काचेच्या वरच्या कडेला जाऊन बसल्यात, पाण्याबाहेर.

मालकाचा फोन आला. मी शेवाळाचं रडगाणं सुरू केलं तर त्याने ते मध्येच तोडलं आणि विचारलं की मी रोज किती वेळ पाण्यात हात घालते. म्हटलं, दोन तास तरी. उत्तम, म्हणाला. माशांची चौकशीसुद्धा केली नाही.

मिठाने बोटं फुटलीत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखाशी चीर पडलीय.

शुक्रवार, १४ तारीख

आता नवीन प्रकार. दगडांवर हिरवे फुगे आलेत, वाटाण्याएवढे, गुळगुळीत, चकचकीत. दिसायला मोत्यांसारखे. सूचना स्पष्ट आहेत: दगड बाहेर काढायचा, फुगा मुळासकट अख्खा उचकटायचा, पाण्यात फोडायचा नाही, आत हजारो बिया असतात.

दगड उचलायला गेले तर त्याला प्रवाळ चिकटलेला, मोडला असता. म्हटलं, एक फोडून बघू. नखाने दाबला. टच्. बोटाला असा काही आनंद झाला की काय सांगू! मग दुसरा. मग तिसरा. दुपारभर टच्-टच् करत बसले. शेवटी मोजले तर चाळीसच्या वर फोडले होते, पाणी हिरवट गढूळ झालं होतं, आणि चिरलेलं बोट त्यातच होतं.

हेच एखाद्या पोराने केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बत्तीस वर्षं सांगत आले की हाताला जखम असेल तर कशालाही हात लावायचा नाही.

रविवार, १६ तारीख

नखाखाली हिरवं दिसतंय. आधी वाटलं घाण असेल. सुईने काढायला गेले तर टणक लागलं. तीन दाणे आहेत, मोहरीएवढे. दुखत नाही. सुई टोचली तेव्हा दुखलं, पण ते बोटात नाही, त्या दाण्यात दुखलं. म्हणजे दाण्याला जाण आहे, आणि ती माझी आहे. मी हे काय लिहितेय?

सोमवार, १७ तारीख

डॉक्टरकडे जाऊन आले. दोन चौकांवर दवाखाना आहे, औषधाच्या दुकानाच्या वर. तरुण डॉक्टर, नम्र. म्हणाला, पाण्यात काम करणाऱ्या बायकांना होतं असं, बुरशी आहे, मलम लावा आणि हात कोरडा ठेवा.

परतताना बसस्टॉपपाशी हात जळायला लागला. ठणका नाही, जळणं, उकळत्या चहात बोट बुडवल्यासारखं. लोक बघत होते. मी या वयात, या गुडघ्यांनी, रस्त्यावरून धावले. तीन मजले कसे चढले माहीत नाही. नळाखाली हात धरला, काही फरक नाही. टाकीत घातला आणि क्षणात शांत. पाणी उबदार. रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

आणि एक. टाकीतलं शेवाळ कमी झालंय. मी काही केलेलं नाही.

बुधवार, १९ तारीख

घड्याळ लावून मोजलं. पाण्याबाहेर चाळीस मिनिटं. मग जळायला लागतं. चाळीस मिनिटांत दुकानात जाऊन येता येतं, रांग नसली तर. दाणे तळहातावर आलेत, मनगटावर बारीक केस फुटलेत, हिरवे. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून बिस्किटं आणायला गेले.

लाँड्रीवाला म्हणाला, मावशी तुम्ही पण आता दिसेनाशा झालात. मी हसले. काय करणार?

गुरुवार, २० तारीख

पंचवीस मिनिटं.

टाकीचं पाणी बादलीत घेऊन निघावं, बसमध्ये मांडीवर धरावं, असा विचार केला. ठकूच्या गावाला तीन तास. बादलीत हात घालून खुर्चीवर बसून पाहिलं. चौदा मिनिटांनी जळायला लागलं, पाणी तेच असून. या टाकीबाहेर आलं की ते नुसतं मिठाचं पाणी होतं.

मग शाळेतला उपाय केला. जखमेवर घालायचं पेरॉक्साइड हातावर ओतलं. हिरवे दाणे पांढरे पडले, मला वाटलं जिंकले. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा फरशीवर होते आणि हात वर, टाकीत. त्याचा तो गेला होता.

संध्याकाळी दाणे कोपरापर्यंत.

शुक्रवार, २१ तारीख

शेवाळाला उजेड लागतो. म्हणून दिवा बंद केला, टाकीवर चादर टाकली. तीन दिवस अंधारात ठेवलं की मरतं, असं सूचनांतच आहे.

दहा मिनिटांत माझा श्वास कोंडला. तोंडावर कोणी उशी दाबावी तसा. खिडकी उघडी, पंखा पाचवर, आणि मला हवा नाही. चादर ओढून काढली, दिवा लावला, तेव्हा छातीत हवा आली.

मी भ्यालेय. लिहूनच टाकते. मी खूप भ्यालेय.

शनिवार, २२ तारीख

अकरा मिनिटं. दवाखान्यात फोन केला, डॉक्टर घरी येत नाहीत म्हणाले. मग अँब्युलन्स बोलावली. दोघे आले, चांगली माणसं होती, आजी-आजी करत होती. मी त्यांना दारातच सांगितलं, मी नको म्हटलं तरी मला न्या. त्यांनी हात बाहेर काढून चादरीत गुंडाळला, मला खुर्चीत बसवलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलो.

तिथपर्यंतचं आठवतं.

नंतरचं लाँड्रीवाल्याने दाराआडून सांगितलं. मी एकाच्या मनगटाला कडकडून चावले. खुर्चीतून उडी मारून वर पळाले, दार लावून घेतलं, आणि आतून गोड आवाजात सांगितलं की मला काही झालेलं नाही, तुम्ही जा. माणसं शिव्या घालत गेली. पुन्हा बोलावलं तर येणार नाही म्हणाली.

मी असं बोललेलं मला आठवत नाही. दात मात्र दुखताहेत.

रविवार, २३ तारीख

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.

आता बाहेर काढणं नाहीच. स्टूल टाकीला लावलंय, उजवा हात खांद्यापर्यंत आत. बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली डावीकडे. न्हाणीघरात पळत जाऊन पळत येते.

टाकी किती सुंदर दिसतेय! एक केस नाही, एक फुगा नाही. गोगलगाई खाली उतरल्यात. मासे माझ्या बोटांमध्ये शिरतात, बाहेर येतात. सगळं हिरवं माझ्यावर आहे.

सोमवार, २४ तारीख

मालकाचा फोन. मी ओरडले, रडले, नाही नाही ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, टाकी स्वच्छ आहे ना?

म्हणाला, बारा वर्षं त्याने सगळं करून पाहिलं. औषधं, अंधार, पाणी बदलणं. शेवटी लक्षात आलं की याला काचेचा कप्पा चालत नाही. जिवंत जागा लागते.

आधीचा माणूस कुठे गेला, विचारलं. कुठे जाणार, म्हणाला. अडीच महिने पुरला. कप्पा भरला की शेवाळ परत टाकीत उतरतं, मग नवी सोय बघावी लागते. वाळल्यावर फारसं काही उरत नाही म्हणाला. झाडून घेतो.

मला नोकरी देताना विचारलं होतं की साबणाविना राहाल ना. मी म्हटलं होतं, हो, त्यात काय.

मंगळवार, २५ तारीख

ठकूचा फोन. तीन दिवस मी उचलला नव्हता. आवाज साधा ठेवला. कामात होते म्हटलं. तिला पटलं नाही. आई, तू रडली आहेस का, म्हणाली. मी म्हटलं, छे.

ती येतेय. गुरुवारी सकाळच्या बसने, मला न्यायला. मी नको म्हटलं. आठव्या महिन्यात बसचे धक्के, डॉक्टर काय म्हणतील, जावई काय म्हणतील. शेवटी तोंड सोडलं. म्हटलं, मला तुझ्या घरी यायचंच नाही, तुझ्या घरात माझा जीव गुदमरतो, मला इथे सुखाने मरू दे.

इतकं लागेल असं आजवर तिला कधी बोलले नव्हते. ती म्हणाली की आता तर येणारच.

माझीच लेक.

बुधवार, २६ तारीख

फोन स्वयंपाकघरात. काल न्हाणीघरातून येताना तिथेच ठेवून आले. नऊ पावलं. चारवर जळायला लागतं, पाचवर पाय वळतात. माझे पाय, मी न वळवता.

वाजतोय. वाजून थांबला. परत वाजतोय.

लाँड्रीवाल्याला हाक मारली, तिला वर पाठवू नकोस सांगायला. आवाज घोगरा, खिडकीपर्यंतही पोचत नाही. घशात काहीतरी आहे. गुळगुळीत.

दुपारी—

काचेवर एक फुगा. छोटा. काल नव्हता.

म्हणजे माझ्यात मावत नाही आता. अडीच महिने कुठले, दहा दिवस. मी म्हातारी, खत कमी असेल.

देवा, तिच्या पोटात—

नाही. ती टाकीला हात लावणार नाही. मी लावू देणार नाही. दाराला आतून कडी घालायची. पाच पावलांच्या पलीकडे आहे दार. तरी घालणार.

संध्याकाळ. तीनदा गेले. तिसऱ्यांदा कडीला बोट लागलं. लागलं होतं! परत आले तेव्हा रडत होते आणि हात पाण्यात होता.

गुरुवार, २७ तारीख

काच हिरवी. मासे दिसत नाहीत.

कागदावर मोठं लिहून ठेवलंय, छातीशी धरते. ठकू, जवळ येऊ नकोस. पाण्याला हात लावू नकोस. खाली जा, माणसं आण. नीट वाचता येईल असं लिहिलंय. हे जमलं. एवढं जमलं.

बस दहाला पोचते. आता दहा वाजून—

खाली बोलणं. तिचा आवाज. लाँड्रीवाला किल्ली देतोय, देऊ नकोस रे बाबा.

जिन्यात पावलं. हळू. मध्ये थांबतेय, दम लागत असेल तिला.

कागद कुठे गेला—

पाण्यात. कागद पाण्यात आहे. मी टाकला नाही. माझ्या डाव्या हाताने—

दार. ती आली. केवढी सुंदर दिसतेय, पोट केवढं पुढे आलंय. आई गं, म्हणाली. बॅग सोडली हातातली.

जा म्हणतेय मी तिला. जा, ठकू, पळ. तोंडातून आवाज निघाला. इतके दिवस बसलेला आवाज, गोड, मोकळा. ये बाळा, म्हणाला. अडकलेय गं, जरा हात दे.

नाही मी नाही म्हटलं ते ठकू मी नाही

ती बांगड्या वर सारतेय. मान हलवायचीय मला, नुसती मान, नाही म्हणून, एवढंच, पण मान